आई मालिकेच्या मागं

माझ्या लॅपटॉपला दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याचं डोकं फिरतं. तीन बोटं डावीकडे सरकवली की ड्रॉइंगची विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसते, उजवीकडे सरकवली की मेल उरलेल्या अर्ध्यावर. त्यासाठी एक छोटं सॉफ्टवेअर मी घेतलंय. चाकणच्या ऑफिसात त्यावरून माझी टिंगल होते, होऊ दे. विंडोवर विंडो चढलेली मला बघवत नाही.

आणि पप्पांकडे रोज नेमकं तेच चालायचं. आई वहिनीच्या बाळंतपणासाठी भावाकडे जर्मनीला गेली, तेव्हा माझा जुना लॅपटॉप मी संत तुकाराम नगरच्या घरी नेऊन ठेवला. मोबाइलवर त्यांना नीट दिसत नाही. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि तिथंच शेजारी तिची मालिका सुरू करायची, म्हणजे ती तिकडून ऐकणार आणि मालिकेतल्या सासूचा उद्धार करणार. इथं असताना दोघं अशीच बसायची. ती बोलायची, पप्पा ऐकायचे.

ऑफिसच्या बसमधून उतरले की रहाटणीला माझ्या घरी जायच्या आधी मी त्यांच्याकडे डोकवायचे. दारातच तक्रार. "तुझी आई मालिकेच्या मागं गेली बघ." नाहीतर आईचा चेहरा इतका मोठा झालेला असायचा, की स्क्रीनभर नुसतं कपाळ आणि त्यावरचं हिरवं गोंदण.

असं का होतं ते एकदा शेजारी बसून बघितलं. पप्पा ट्रॅकपॅडवर दोन्ही हातांची बोटं एकदम टेकवायचे. त्यांचं आयुष्य पिंपरीतल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर गेलं. प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबून धरली तरच प्रेस खाली येते, एक हात काढला की जागेवर थांबते. हात आत सापडू नये म्हणून ही सोय. रिटायर होऊन वर्षं झाली, पण मशीन दिसलं की त्यांचे दोन्ही हात पुढे होतात. बोटं जरा लांब सरकली की लॅपटॉपला वाटायचं, हे चित्र मोठं करा म्हणतायत.

"एका बोटानं, पप्पा."

"हां हां," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत दोन्ही हात.

जित्याची खोड. म्हटलं, माणूस नाही बदलत तर लॅपटॉप बदलू. माझं सॉफ्टवेअर त्यावर टाकलं आणि दोन बोटांनी मोठं होणं बंद करून टाकलं. आता दोन्ही बोटं टेकवली की आई डावीकडे, मालिका उजवीकडे. पप्पांनी करून बघितलं आणि "झकास" म्हणाले. मी खूश होऊन घरी गेले.

मग बाळ जरा अशक्त म्हणून आईचा मुक्काम लांबला. मला तिची फार आठवण यायची. उगाच तिच्या स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचे डबे उघडून वास घ्यायचे, आणि तिला तसं सांगायचेही. पप्पा मात्र मालिका अर्ध्यावर असतानाच "ठेवतो" म्हणायला लागले. दोघांचं काही बिनसलंय की काय, अशी मला धास्ती वाटू लागली.

एका रविवारी त्यांनी ट्रॅकपॅडकडे बघतच विचारलं, "ते मोठं व्हायचं, ते कुठं गेलं?"

"बंद केलंय. त्रास व्हायचा ना तुम्हाला?"

"त्रास तुला व्हायचा."

मग म्हणाले, "अर्ध्यात ती लई लांब वाटती गं."

मी सेटिंग उघडलं आणि सगळं होतं तसं करून दिलं.

कॉल लागला. पप्पांनी दोन्ही बोटं टेकवली आणि हळूहळू लांब नेली. आई मोठी होत गेली, डोळे आले, मग गोंदण. तिला तिकडे याचा पत्ताच नव्हता. ती बाळाच्या मालिशचं सांगत होती आणि मध्येच, "अहो, मालिका लावा की," म्हणत होती.

"असू दे आज," पप्पा म्हणाले.

बोटं त्यांनी तशीच दाबून धरली होती.

"पप्पा, हात काढला तरी जात नाही ती," मी हळूच म्हणाले.

"माहितीय," ते म्हणाले. हात काही त्यांनी काढला नाही.