न्हावऱ्याचे दिवे, कुरकुंभची चाकं

"आजून काय बसतंय का बघा, मामा."

दुकानाच्या पायरीवरूनच तो एवढं म्हणायचा आणि मी काही बोलायच्या आत मागं वळून आपल्या पिकअपभोवती एक चक्कर मारायचा. हात बोनेटवरून, मग दारावरून, मग हौद्याच्या कडेवरून फिरत जायचा. गाडीला आता काही लावायला जागा उरली नाही, हे मला दिसायचं आणि त्यालाही दिसत असणार. तरी तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभा राहायचा.

शिरूरला बायपासवर माझं दुकान आहे. गाड्यांचे दिवे, हॉर्न, सीटकव्हर, रेडियमची अक्षरं, असलं सगळं तिथं मिळतं. तुम्ही नगर रोडनं गेला असाल तर असली दुकानं बघितली असतील, पण थांबला नसाल. पिकअपवाले थांबतात. कांदा नाहीतर भाजी मार्केटला उतरवून परत येताना खिशात चार पैसे असतात, त्यातला एखादा दिवा बायकोला न सांगता लागतो. ह्याला चोरून लावायची गरज नव्हती, कारण घरात बायको नव्हती. आणि सगळा घोळ तिथंच होता.

तो कवठे येमाईच्या बाजूचा. घराणं पूर्वी मेंढरांमागं हिंडणारं. वडिलांनी वावर बागायती केलं आणि उरलेली मेंढरं विकून पोराला पिकअप घेऊन दिली. ते गेल्यावर घरात तो आणि आई. अंगानं दणकट, बोलायला कमी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. असं पोरगं पूर्वी कुणी हातचं जाऊ दिलं नसतं. आता आमच्याकडं मुलीच्या बापाचा पहिला प्रश्न असतो, पोरगा कंपनीत आहे का. दुसरा प्रश्न, पर्मनंट आहे का. विचारणारा स्वतः सकाळी गुडघाभर चिखलात पिकाला पाण्याची दारं धरून आलेला असतो, पण जावई त्याला चिखलातला नको असतो. मला ह्या गोष्टीचा भयंकर संताप येतो. माझ्या संतापानं कुणाची सोयरीक जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

मुलगी बघायला तो पिकअप घेऊनच जायचा. पुढं आई, मागं हौद्यात सतरंजी टाकून चुलते आणि भाऊबंद. आदल्या दिवशी गाडी धुऊन, पुसून, टायरला काळं पॉलिश मारून तयार. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, कळवतो म्हणायचे. नकार आला की आठवड्याच्या आत गाडी माझ्या दारात.

सुरुवातीला मला हे कळलं नव्हतं. एकदा मी गमतीनं विचारलं की बाबा, हे पिवळे दिवे कवा लावले होते रे आपण? तो म्हणाला, "ते न्हावऱ्याचं." मला वाटलं न्हावऱ्याच्या दुसऱ्या दुकानातून आणले की काय. मग त्यानं एकेक सांगितलं. दिवे न्हावऱ्याच्या नकारानंतरचे. रुंद चाकं कुरकुंभची. पुढचा चकचकीत बंपर मांडवगणचा. टपावरच्या दिव्यांची पट्टी एकाच महिन्यात आलेल्या दोन नकारांची मिळून. हे सांगताना तो हसत होता, म्हणून मीही हसलो. पुढं त्या गाडीकडं बघून मला हसू आलं नाही.

त्याचा हिशेब साधा होता. आपल्यात काहीतरी कमी पडतंय आणि ते शोधून बसवलं पाहिजे. स्वतःला तो काय बसवणार? म्हणून गाडीला बसवत होता.

मग पाटसची मुलगी आली. म्हणजे स्थळ आलं. तिथून परतताना तो तडक माझ्याकडं आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं गाडीभोवती चक्कर मारली नाही, स्टुलावर बसला. मुलगी बोलली होती. निघायच्या वेळी ती दारात आली आणि तिनं विचारलं, गाडी तुम्हीच सजवली का? हा व्हय म्हणाला. त्यावर ती म्हणाली, छान हाय. इतकंच. हे इतकं त्यानं मला त्या बैठकीत तीनदा सांगितलं, आणि दर वेळी मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड केलं.

निरोप यायला महिना लागला. त्या महिन्यात त्यानं गाडीचं जे केलं ते आधी कधी केलं नव्हतं. दौंडच्या एका मेस्त्रीकडं चार दिवस गाडी टाकून इंजिनाचं काम करून घेतलं, चढाला ओझं घेऊनसुद्धा दम लागू नये म्हणून. ओझं पेलायला मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवले. आत एसी बसवला. पिकअपमध्ये एसी कशाला, असं मी म्हणालो तर म्हणाला, पाटसवरून येताना ऊन लई लागतं. पाटसवरून कोण येणार होतं हे मी विचारलं नाही, दोघांनाही ठाऊक होतं.

नकार घेऊन मध्यस्थ आप्पा आले ते माझ्याच दुकानात, कारण गाडी बाहेर उभी दिसली. मुलीचा मामा आडवा आला होता. पोरगा ड्रायव्हर आहे, म्हणाला. वावर आहे, विहीर आहे, गाडी स्वतःची आहे, हे आप्पांनी सांगून बघितलं. मुलीच्या मामाचं एकच, एवढे दिवे लावणारा ड्रायव्हरच असतो, गाडीवरूनच कळतंय.

मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. आप्पा मायेचा माणूस. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या टायमाला ही घरी ठेव. येखादी कार आणू भाड्यानं."

त्यानं बाहेर गाडीकडं बघितलं. मग म्हणाला, "मंग तिनं माझं काय बघायचं?"

त्या नकारानंतर त्यानं गाडीला काहीच लावलं नाही. मला गिऱ्हाइकाची काळजी नव्हती, मला त्याच्यासाठी भीती वाटत होती. स्थळं हळूहळू कमी झाली, मग थांबली. चाळिशीकडं झुकलेल्या माणसाला आमच्याकडं कुणी पोह्यांना बोलवत नाही. लग्नसराईत तो दुसऱ्यांच्या मांडवाचं सामान वाहायचा. दिव्यांची गाडी म्हणून त्याला मागणी असायची.

शेवटचा आला तो उन्हाळ्यात. दाढीत पांढरं डोकावत होतं. म्हणाला, मामा, मागच्या फाळक्यावर नावं टाकायची हायत. आमच्याकडं पिकअपच्या मागं मालकाच्या पोरांची नावं असतात, ती तुम्हीही सिग्नलला थांबून वाचली असतील. ईश्वरी आणि राजवीर, त्यानं सांगितलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. लग्न केलंस आणि पत्ता लागू दिला न्हाईस, असं म्हणत मी त्याच्या खांद्यावर थापच मारली.

"न्हाई मामा."

"मंग ही नावं कुणाची?"

"ठरवून ठेवली व्हती." तो गाडीकडं बघत होता. "पोरीचं आधी लिवा."

मी आत गेलो आणि अक्षरं कापायला बसलो. डोळ्यांपुढं रेषा दिसत नव्हती, रेडियमचा एक ताव वाया गेला. लाल रेडियम घेतलं, त्याला पांढरी कड दिली. दोन्ही नावं लागल्यावर तो मागं सरकून बघत राहिला, मग बरं दिसतंय म्हणाला आणि गेला.

दिवाळीच्या आधी गाडी परत दारात उभी राहिली. मी उठून पुढं गेलो तर चालवणारा दुसराच. मलठणचा तरणा शेतकरी, गाडी नुकतीच विकत घेतलेली. आधीच्या मालकाची आई गेली, आणि तो कारेगावला एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला लागला, कुठल्याशा खोलीत राहतो, एवढंच ह्या नव्या मालकाला माहीत होतं. गाडीवरचं बाकी सगळं त्याला आवडलं होतं. फक्त मागची नावं काढायची होती, कारण त्याला स्वतःच्या पोराचं नाव टाकायचं होतं.

मी गरम हवेचं मशीन लावलं आणि पातं घेतलं. तो शेजारी उभा राहून म्हणाला, "पोरं केवढी हायती वो त्यांची?"

पातं हातात तसंच राहिलं. माझ्या तोंडाकडं बघून त्याचा चेहरा उतरला. पोरं राहिली नाहीत असं त्याला वाटलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही, कारण त्याला वाटलं ते मला तरी चुकीचं वाटत नव्हतं.

"मंग दमानं काढा, मामा," तो हळूच म्हणाला, आणि पातं लागायच्या आधी त्यानं स्वतःच नखानं राजवीरचं पहिलं अक्षर उचलून धरलं.