आईंच्या गळ्यातलं भंगार

मी मस्कतमध्ये टाकाऊ वस्तूंचे दागिने आणि इन्स्टॉलेशन्स करते. बाटल्यांची झाकणं, एसीचे फिल्टर, जुने नळ, काहीही चालतं. मटेरियल शोधायला हिंडावं तरी लागतं, किस्से मात्र घरपोच येतात!

आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई या सगळ्याला एकच शब्द वापरतात, भंगार. त्यांनी एकदा तरी माझं काही गळ्यात घालावं, अशी माझी फार इच्छा. "घालीन हो कधीतरी," म्हणायच्या आणि मोत्यांची माळ घालून निघायच्या.

*

अल मवालेहच्या मार्केटात रत्नागिरीचे हनीफभाई फळं-भाजी विकतात. संत्र्यांच्या रिकाम्या जाळ्या मागायला मी सारखी जायचे. एकदा त्यांनी जाळ्यांखाली गुपचूप टोमॅटोची पिशवी ठेवली आणि हळूच विचारलं, "वहिनी, साहेबांची नोकरी गेली काय?"

*

आमची लेक इंग्रजीतच वाढलेली. मराठीच्या वर्गाच्या कार्यक्रमात 'माझी आई' या विषयावर तिनं उभं राहून वाचलं, "माझी आई रोज कचरा करते. मग तो लोकांना घालते."

सगळ्यात जास्त टाळ्या सासूबाईंनी वाजवल्या.

*

अल खुवैरच्या एका ऑफिसच्या लॉबीत मी झाकणांची मोठी लाट टांगत होते. तिथले ओमानी मॅनेजर काम 'खलास', म्हणजे पुरं झालं का, ते विचारायला फोन करायचे. एकदा मी अंघोळीला गेलेली. फोन सासूबाईंनी घेतला. पलीकडून "मॅडम, खलास? खलास?" ऐकून त्या मटकन खाली बसल्या.

मी बाहेर आले तर म्हणतात, "कोण गेलं गं?"

*

मध्ये पुण्याला लग्नाला निघालो. नळांचं पितळ घासून केलेला हार मी सासूबाईंच्या बॅगेत न विचारता टाकला होता. मस्कत एअरपोर्टवर बॅग जड भरली. "काढ ते भंगार," म्हणाल्या, आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून हार गळ्यात घातला. विमानभर मी त्यांच्याकडेच बघत होते. मला फार बरं वाटत होतं. उतरल्यावरही त्यांनी तो काढला नाही.

मुंबईला कस्टम्सवाल्यानं अडवलं. "मस्कतहून ना? किती तोळे?"

"सोनं नाही हो," मी म्हणाले. "नळाचं पितळ आहे. भंगार."

"सगळे असंच सांगतात, मॅडम."

मी सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्हीच सांगा ना यांना, काय आहे ते."

सासूबाईंनी पदर सारून हार नीट केला.

"भंगार काय म्हणतेस गं?" मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, "तिचं ऐकू नका, साहेब. अस्सल दागिना आहे."