सोफेवाल्याचं ऐकून घेणं

आमचे हे सोफे शिवतात. हातात कला आहे, डोकं मात्र पुस्तकांनी फिरवलेलं. माणसं कशी जोडावीत, समोरच्याचं कसं ऐकावं, चार डोकी मिळून नवं काम कसं उभं राहतं, असल्या पुस्तकांची चळत दुकानातल्या फोमच्या थप्पीपेक्षा उंच झाली होती. वाचायला माझी ना नव्हती. पण वाचलं की ते आमच्यावर करून बघायचे.

"कात्री बोथट झालीये," मी म्हटलं, तर खुर्ची ओढून समोर बसले.

"म्हणजे तुला असं वाटतंय की कात्री बोथट झालीये."

"वाटत नाहीये. झालीये."

"तुझी चीड मला समजतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात्री तशीच राहिली.

कापड बेतायचं काम धाकट्या दिराचं. पट्ट्यांचं कापड त्याच्याशिवाय कुणाला जुळवता येत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. त्यात यांनी नवा नियम शिकून आणला: जोडीदाराची कल्पना खोडायची नाही, आधी होकार द्यायचा, मग त्यात आपली भर घालायची. नेमका तेव्हाच दीर आढेवेढे घेत म्हणाला, "दादा, मी दुसरीकडे काम बघावं म्हणतोय."

मी मशीन थांबवलं. यांनी अडवावं म्हणून तो उभा होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"छान कल्पना आहे," हे म्हणाले. "आणि मी तुला ओळखीच्यांचे नंबर देतो."

दीर गेला. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढचा सोफा यांनी स्वतः बेतला. बैठकीच्या पट्ट्या एकीकडे, पाठीच्या भलतीकडे. गिऱ्हाईक बघून आल्या पावली परत गेलं. हे पुस्तक उघडून बसले. मी ते मिटलं.

"तो जावा असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मग हे त्याला सांगायला कुठलं पुस्तक लागतं?"

"पण त्याची इच्छा..."

"अहो, उठा."

गेले एकदाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर बेतायच्या टेबलाशी हजर. हे बाहेर फोम उतरवत होते, तेवढ्यात मी विचारलं, "काय म्हणाले रे?"

"दारातच उभा राहिला, वहिनी. म्हणाला, मला जमत नाही तुझ्याशिवाय." तो कापडावरून हात फिरवत राहिला. "इतकी वर्षं एकत्र काम करतोय. एकदाही म्हणाला नव्हता."

मला भरून आलं, आणि यांचा रागही आला.

हे आत आले. दिराने कात्री उचलली, अंगठ्याने पाहिली. "दादा, बोथट झालीये."

यांनी तोंड उघडलं. मग मिटलं, कात्री घेतली आणि धार लावायला गेले.