शेवटच्या भागातून गाळलेला भाऊ

शेवटचा भाग लॉक झाला, म्हणजे आता त्यात काहीच बदलणार नाही असं ठरलं, आणि मगच मॅडमनी मला फोन केला. मॅडम आमच्या सीरियलच्या ईपी. चॅनेलचा हुकूम लेखकाला आणि लेखकाचं रडगाणं चॅनेलला पोचवायचं, हे त्यांचं काम.

"तुमचा भावांचा सीन गेला," त्या म्हणाल्या.

"गेला म्हणजे?"

"काढला. तासाचा भाग अर्ध्या तासाचा झालाय. शिवाय त्यात इंटिग्रेशन आहे."

इंटिग्रेशन म्हणजे नव्या सीरियलची नायिका जुन्या सीरियलमध्ये पाहुणी म्हणून घुसवणं. जाहिरातच ती, फक्त साडी नेसून आलेली. आमच्या घरात येऊन ती सगळ्यांबरोबर नाचणार होती. मी म्हणालो, नाच कमी करा, सीन ठेवा. त्यावर मॅडम म्हणाल्या, "नऊ वर्षं जो माणूस दिसलाच नाही, तो शेवटी आला काय नि न आला काय."

मी नंदुरबारला घरी बसून लिहितो. सीरियलमधले अप्पा अहिराणी बोलायचे, त्यांचे संवाद माझे. अप्पा म्हणजे हुबेहूब माझे वडील, आबा. अप्पांचा धाकटा भाऊ समोरच राहतो, पण दोघं बोलत नाहीत, यावर आम्ही नऊ वर्षं लोकांना हसवलं. अप्पा भावाला द्यायचा निरोप म्हशीला सांगायचे, तोही मोठ्याने. तो भाऊ पडद्यावर कधी आला नाही. तो म्हणजे माझे नानाकाका.

नंदुरबारजवळ रनाळ्यात, आमच्या गावी, आबांचं आणि काकांचं घर समोरासमोर आहे, आणि त्यांचा अबोला माझ्यामुळे आहे. बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी लिहिली होती. आमच्याकडे पत्रिकेत भाऊबंदातल्या कुणाचं नाव राहिलं, तर तो लग्नाला येत नाही आणि पुढे कशालाच येत नाही. मी मामा घातले, आत्या घातल्या, सरपंचसुद्धा घातले. सख्खे काका राहिले. काकांनी मनात धरलं की आबांनीच नाव गाळायला लावलं. मी पाया पडलो, पण ते बधले नाहीत.

शेवटच्या भागातला तो सीन मी त्यासाठीच लिहिला होता. आमच्याकडे श्रावणात घरोघरी कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आई अजूनही दरवर्षी काकांच्या नावाची मूठ घेते. सीनमध्ये अप्पांची बायको तशीच मूठ घेते. अप्पा बघत राहतात, मग उठून भावाच्या दारात जातात आणि म्हणतात, "चाल, रोट खावाले." एवढाच सीन. शूटिंगही झालं होतं.

आणि मी शहाण्यानं तो काकांना आधीच सांगून टाकला. काकांनी तो परत एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "टीव्हीमां तो बोलावाले उना, तं मी बी येसू यंदा. तुन्हा बापले सांगी ठेव." मी आबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची जुनी खुर्ची काढून पुसली आणि ओट्यावर आपल्या खुर्चीशेजारी ठेवली.

मॅडमचा फोन आला तेव्हा दुपार होती, आणि भाग त्याच संध्याकाळी लागणार होता. रनाळ्याला जाऊन दोघांना खरं सांगायला भरपूर वेळ होता. मी सांगितलं नाही. मला भीती वाटली. लॉक झालेला भाग कुणी उघडत नाही हे पक्कं माहीत असूनही, कुणीतरी सीन परत लावेल असं मी स्वतःला समजावत बसलो.

संध्याकाळी मी रनाळ्याला जाऊन आबांशेजारी बसलो. दोन्ही घरांची दारं उघडी होती आणि दोन्हीकडून तेच शीर्षकगीत ऐकू येत होतं. पाहुणी आली. नाच झाला. सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवले आणि नऊ वर्षं संपली. अप्पा शेवटच्या रांगेत कुठेतरी टाळ्या वाजवत होते.

आबा पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू होईपर्यंत बघत राहिले.

"अजून शे का काही?" त्यांनी विचारलं.

"नही, आबा."

समोरचा आवाज बंद झाला. मग काकांचं दार लागलं.

सकाळी मी काकांकडे गेलो. चॅनेल, एडिट, इंटिग्रेशन, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला, कप खाली ठेवेपर्यंत थांबले.

"लिखनारा तूच ना, भाऊ?" ते म्हणाले. "दोन्ही येळा मन्हं नाव तुन्हाच हाते ऱ्हायी गयं."

मी कप विसळायला उठलो. नऊ वर्षं मी दुसऱ्यांना उत्तरं लिहून देत होतो.

त्या रविवारी कानबाई बसली. आईनं काकांच्या नावाची मूठ घेतली. काका आले नाहीत. रोट उरू द्यायचे नसतात, म्हणून आबांनी त्यांच्या वाटचा रोट माझ्या ताटात टाकला आणि म्हणाले, "खा." मी तो दोन दिवस खात होतो.

आता नवे लेखक विचारतात तेव्हा सांगतो, सीरियलचा शेवट लेखकाच्या हातात नसतो, तो कुणाला आधी सांगू नये. लग्नपत्रिका मात्र आपल्या हातात असते. ती छापायला देण्याआधी एकदा मोठ्यानं वाचावी.