पणजोबांची लढाई

कोरोनाच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुकच्या आमच्या घरात शाळा डायनिंग टेबलवर भरायची. नववीतल्या लेकीला पहिलं महायुद्ध होतं. सारायेवोत राजपुत्राला गोळी घातली, मग ऑस्ट्रिया सर्बियावर उठला, रशिया सर्बियाच्या बाजूने, जर्मनी ऑस्ट्रियाच्या. फ्रान्स, ब्रिटन ओढले गेले आणि ब्रिटनमागे आपण आणि हे ऑस्ट्रेलियावालेही. मी हे सगळं सांगितलं.

"एका माणसाला मारलं म्हणून?" ती म्हणाली. "दॅट्स सो डम्ब."

मग तिने विचारलं, "आपल्याकडचं कोणी होतं? क्लासमध्ये सगळ्यांचं कोणी ना कोणी गॅलिपोलीला होतं."

गॅलिपोली म्हणजे तुर्कांच्या किनाऱ्यावरची ती लढाई, जिथे हजारो ऑस्ट्रेलियन सैनिक मेले. माझे पणजोबा त्या युद्धात होते. पण त्यांचा विषय निघाला की आमच्या घरी आवाज खाली जायचा. मी पटकन म्हणाले, "होते ना. गॅलिपोलीलाच."

तिने ते ऑनलाइन क्लासमध्ये सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्यालाही कुंपणावरून सांगितलं. त्याचे आजोबा तिथेच पडले होते.

अॅन्झॅक डेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, यंदा मिरवणूक नव्हती. पहाटे सगळे आपापल्या ड्राइव्हवेत मेणबत्त्या घेऊन उभे होतो. शेजाऱ्याने, सैनिकांच्या आठवणीसाठी छातीवर लावतात ती, रोजमेरीची एक काडी कुंपणावर ठेवली, दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "युअर फेला अँड माइन, एह?"

त्याचे आजोबा आणि माझे पणजोबा. मी मान हलवली. काडी उचलून स्वेटरला लावली.

दुपारी लेकीने पणजोबांचा फोटो मागायला साताऱ्याला माझ्या बाबांना फोन लावला. स्पीकरवर.

"गॅलिपोली? नाही गं बाळा. माझे आजोबा कूतला होते, इराकात. तुर्कांनी वेढा घातला, महिनोन् महिने. खायला काही उरलं नाही. साहेब म्हणाले, घोडे कापा. आपल्या लोकांनी आधी नाही म्हटलं. शेवटी भुकेपुढे खाल्लं. मग जनरलने शरणागती लिहून दिली आणि ह्यांना वाळवंटातून कैदी म्हणून चालवत नेलं. निम्मे वाटेतच गेले."

"पण ते परत आले?"

"आले. पण घोडा खाल्लेला म्हणून गावाने पंगतीला घेतलं नाही. वेगळं बसवायचे. तुझ्या आईला माहीत आहे की सगळं."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "यू न्यू?"

"हो."

ती उठली. लॅपटॉप उचलला आणि टीचरला स्वतःच मेल लिहायला बसली. मी पणजोबांना गावासारखंच वेगळं बसवलं होतं, तेही शंभर वर्षांनी, इतक्या लांब येऊन.

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेले. शेजारी पाण्याचा पाइप गुंडाळत होता. मास्क सावरत त्याला सांगितलं, की मी खोटं बोलले. ते गॅलिपोलीला नव्हते, कूतला होते. उपाशी राहिले, घोडा खाल्ला, कैद झाले.

त्याने पाइप नळावर अडकवला. मग विचारलं, "घरी आले?"

"आले."

"गुड," तो म्हणाला. "दॅट्स गुड." आणि आत गेला.

पणजोबा घरी आल्यावर काय झालं, ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही.