ओळखीच्या घरातली मुलगी

हातावर मांडा फिरवता फिरवता आई थांबली. कोपरापर्यंत पसरलेल्या त्या पातळ पोळीकडे बघत तिनं मला विचारलं, "आता याचं काय करू?" मांडे भाजायचं उपडं मातीचं खापर तिच्या पुढ्यातच तापलं होतं. मला हसू आलं. पुढे खापर म्हणजे काय हेही तिला आठवेना, तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

इंदूरच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन पेशींच्या बाहेर साचतं, टाऊ नावाचं आत गुंतत जातं. मोरीत गाळ साचावा तसं सगळं तुंबतं. मग त्यांनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला?" थोरल्या मामाला होता. "आईवडील नात्यातले?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "हो, आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी." आमच्याकडे हे मानाचंच. त्यात छप्पन्न साली राज्यांची नवी मांडणी झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि खानदेशातले सोयरे पलीकडेच राहिले. त्या धास्तीच्या दिवसांत मुलगी ओळखीच्याच घरात द्यावी, असं सगळ्यांना वाटलं आणि आईचं लग्न झालं.

डॉक्टर म्हणाले, धोका वाढवणारं एक जनुक असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्हीकडून धोक्याचीच आली तर भय बरंच वाढतं, पण आजार होईलच असं नाही. ते 'पण' माझ्या डोक्यात शिरलंच नाही. वडील पन्नाशीतच हार्टअटॅकनं गेले. त्यांच्याकडून आम्हाला काय आलं, कोण सांगणार? तेव्हापासून किल्ली सापडली नाही तरी मी घरातल्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघते.

त्याच वर्षी धाकटा भाऊ बहादरपूरहून सोयरिकीचा नारळ घेऊन आमच्या बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या घरी आला. त्याची मुलगी माझ्या मुलाला करायची, हे दोघं पाळण्यात असल्यापासून घरात ठरल्यासारखंच होतं. पुन्हा तेच रक्त एकत्र आणायचं आणि येणाऱ्या नातवंडांच्या पदरात हे टाकायचं? मी घाबरत घाबरत त्याला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं, पण त्यानं नारळ खाली ठेवला.

"मले हे मालूम नव्हतं, ताई," तो म्हणाला. "पण मी घाई काहून करून राहिलो, सांगू? परवा आपल्याच केळीच्या बागातून घरी यायचा रस्ता मले सापडला नाही."

तो माझ्याहून लहान. मी त्याचा हात घट्ट धरला.

"हे लग्न नको," मी म्हटलं, "पण पोरीचा घोर लावून घेऊ नको. तुला काही झालं तरी मी आहे ना. चांगलं स्थळ बघून तिचं लग्न मी लावीन, तिचं बाळंतपणही करीन."

तो हळूच म्हणाला, "आन् आईसारखी तू बी भुलली त?"