शेळीच्या नावानं शाल

सीमेवर लढाई पेटली त्या आठवड्यात आमच्याकडच्या पोरांच्या अंगात देश आला. टीव्हीवर शहरांतला दिवे घालवायचा, ब्लॅकआउटचा सराव बघितला आणि पोरांच्या मंडळानं ठरवलं, आपणही करायचा. वरून कुणी सांगितलं नव्हतं. पण छातीवर 'स्वयंसेवक' छापलेले टी-शर्ट मात्र नारायणगावातून लगेच आले. रक्तदानाला बोलावलं की यातल्या निम्म्यांना चक्कर येते. शिट्टी फुंकायला सगळे पुढं.

आमची वस्ती उसाला खेटून. दिवस मावळला की गोठ्यावरचा दिवा लागलाच पाहिजे, नाहीतर बिबट्या येतो, हे जुन्नर तालुक्यात शेंबड्या पोरालाही कळतं. माझी विधवा चुलती एकटी राहते आणि तीन शेळ्यांवर तिचं घर चालतं. शेळ्यांना नुसता कुडाचा आडोसा. आधार काय तो त्या दिव्याचा. हे सगळं मी मंडळाच्या अध्यक्षाला नीट समजावून सांगितलं, तर तो माझ्याकडं बघून हसला.

"भाऊ, देश मोठा का शेळी मोठी?"

सरावाची रात्र आली. कुणी गुपचूप दिवा लावील म्हणून त्यांनी डीपीचा फ्यूजच काढला. अख्खी वस्ती काळोखात गेली. पोरं पुढच्या रस्त्यावर घोषणा देत मोबाईलवर शूटिंग करत होती आणि गोठा राहिला मागच्या अंगाला. लाईट आली तेव्हा कूड फाटलेला होता. चुलतीची गाभण शेळी गेली होती, उसात ओढत नेल्याचा माग तेवढा दिसत होता. चुलती उरलेल्या दोघींच्या गळ्यात हात टाकून बसून राहिली.

सकाळी पोरं आली. मला वाटलं, लाज वाटली असेल, माफी मागतील. कसलं काय! शाल-नारळ घेऊन सत्कार करायला आली होती. देशासाठी पहिला त्याग म्हणे आमच्या वस्तीनं केला. चुलतीला खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, मोबाईल समोर धरला. माणसाच्या दुःखावर असं नटायला बसणारी जात मी गिधाडांतही बघितली नाही.

अध्यक्ष म्हणाला, आजी, दोन शब्द बोला, देशासाठी शेळी दिली म्हणा.

चुलतीनं शाल काढून त्याच्या हातात दिली.

"म्या दिली न्हाई, बाबा. तुमी घालवली."

पोरांतल्या एकानं अध्यक्षाला हळूच सांगितलं की तेवढं व्हिडिओतनं कापता येतं. दुपारी व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. त्यात चुलती शाल घेऊन नुसती बसलेली दिसते आणि मागं देशभक्तीचं गाणं वाजतं. खाली लोकांनी हात जोडलेत.

दिवस मावळायला पुन्हा शिट्टी वाजली. चुलतीनं दोन्ही शेळ्या ओढत घरात घेतल्या आणि आतून कडी लावली.